रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढताना



ऊसतोड उरकली, की आपल्यापैकी बरेच जण तिरुपती-काशीला निघतात. आता तिकीट मोबाईलवर निघते, पण तिथे चूक दाखवायला खिडकीवरचा बाबू नसतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) तारीख : जास्त फसगत इथेच होते. रेल्वेची तारीख रात्री १२ ला बदलते. गुरुवारी रात्री जेवून निघायचे आणि गाडी ००.२० ची, तर तिकीट शुक्रवारचे हवे. गुरुवारचे काढले, तर ती गाडी बुधवारी रात्रीच निघून गेलेली असते. गाडीही गेली अन् पैसेही!

२) नाव : ओळखपत्रावर आहे तसेच घालावे. 'बापू', 'अक्का' चालत नाही.

३) वेटिंग : चार्ट लागल्यावरही सगळी नावे वेटिंगलाच राहिली, तर ऑनलाईन तिकीट आपोआप रद्द होते. त्यावर गाडीत बसू नये.

४) पैसे कटले, तिकीट दिसेना : घाईने दुसरे काढू नये. आधी खात्यातील बुकिंगची यादी पाहावी. तिकीट झाले नसेल, तर रक्कम परत येते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, हेही लक्षात असू द्या. पैसे भरण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्याकडून सगळे एकदा वाचून घ्यावे. ओटीपी मात्र परक्याला सांगू नये.