हृदयाकडे जाणारी वाट: मनगटातून की जांघेतून?

हृदयशस्त्रक्रिया म्हटली की छातीचे हाड दुभंगून केलेली मोठी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. आज मात्र हृदयावरील अनेक उपचार मनगट किंवा जांघेतील लहानशा छिद्रातून केले जातात. अशा उपचारांत रक्तवाहिनीत कोठून आणि कसा प्रवेश करावा, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. कारण पुष्कळदा गुंतागुंत हृदयात न होता प्रवेशाच्या जागी होते.

या तंत्राचा पाया १९२९ मध्ये घातला गेला. जर्मनीतील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समन यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरण छायाचित्राने ते सिद्ध केले. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९५३ मध्ये स्वीडनचे स्वेन सेल्डिंगर यांनी सोपी पद्धत मांडली. सुईने रक्तवाहिनीत छिद्र करायचे, सुईतून लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि त्या तारेवरून नळी आत सरकवायची. रक्तवाहिनी कापून उघडी करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. याच तत्त्वावर आजही काम चालते.

दीर्घकाळ जांघेतील धमनी हाच नेहमीचा मार्ग होता. ही धमनी रुंद असल्याने नळी सहज जाते. परंतु ती खोलवर असते. छिद्र वरच्या बाजूला पडल्यास पोटाच्या मागील भागात रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. शिवाय रुग्णाला काही तास पाय न हलवता पडून राहावे लागते.

कॅनडातील लुसियन कॅम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातील धमनीतून हृदयधमन्यांची तपासणी केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ही धमनी त्वचेलगत व हाडावर असल्याने दाबून रक्त थांबवणे सोपे जाते. हाताला दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळते. रुग्ण लवकर उठून चालू शकतो. हृदयविकाराच्या तीव्र झटक्याच्या ८,४०४ रुग्णांवरील ‘मॅट्रिक्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मनगटाच्या मार्गाने मोठा रक्तस्राव आणि मृत्यू या दोन्हींचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले.

तरीही प्रत्येक उपचार मनगटातून करता येत नाही. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात; एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. अँजिओप्लास्टीला बहुधा सहा फ्रेंच, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची नळी पुरते. महाधमनीची कृत्रिम झडप नळीवाटे बसवण्यासाठी मात्र पुष्कळ जाड नळी लागते. त्यासाठी जांघेतील धमनीच प्रामुख्याने निवडली जाते.

बरगड्यांमधील लहान छेदातून झडपेची शस्त्रक्रिया करतानाही जांघेतील धमनी व शीर उपयोगी पडते. हृदय थांबवलेले असताना याच रक्तवाहिन्यांतून शरीर हृदय-फुफ्फुस यंत्राला जोडले जाते. यात रक्त नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने महाधमनीत ढकलले जाते. तेथे मेदाचे थर असतील, तर त्यांचे कण सुटून मेंदूकडे जाण्याचा व पक्षाघाताचा धोका संभवतो. म्हणूनच सी. टी. स्कॅनद्वारे रक्तवाहिन्यांची रुंदी व स्थिती आधी तपासतात. जांघेतील मार्ग योग्य नसल्यास काखेजवळील धमनीचा पर्याय असतो.

रुग्णानेही काही माहिती डॉक्टरांना आधीच देणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पुढे डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या लागू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे व पूर्वीच्या शस्त्रक्रियांचाही उल्लेख करावा. उपचारानंतर छिद्राच्या जागी सूज वाढणे, हात किंवा पाय थंड वा बधिर पडणे, कंबरेत किंवा पोटात अचानक तीव्र वेदना होणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालयाशी संपर्क साधावा. छिद्र लहान असले, तरी त्यामागची रक्तवाहिनी मोठी असते.