तारेने घरचा माणूस गेला, तर

वाकलेला खांब आणि झोल पडलेली तार आपल्या कळंब-परंड्याच्या शिवारात नवी नाही. दारे धरायला गेलेल्याचा पाय तुटलेल्या तारेवर पडतो, आणि घरचे कपाळाला हात लावून म्हणतात, नशीब! तेवढ्यावर थांबू नका.

मध्य प्रदेशात २३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला माणूस रस्त्यात पडलेल्या तारेने दगावला. वीज मंडळ म्हणाले, कुणी चोरून आकडा टाकला होता, त्याची ती तार. आमचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००२ रोजी ते ऐकले नाही. एवढी जोखमीची वीज जो खेळवतो, त्यानेच भरपाई द्यायची. त्याचा हलगर्जीपणा दाखवून द्यावा लागत नाही, असे न्यायालय म्हणाले. हा निकाल आपल्यालाही लागू आहे.

मात्र कागद हवेत. पोलिसांच्या पंचनाम्यात तार कुठे पडली, खांब कसा होता, ते लिहवून घ्या. शवविच्छेदनाला नको म्हणू नका. जिवावर येते खरे, पण त्यावाचून दावा लंगडा. विद्युत निरीक्षक शासनाचा असतो, महावितरणचा नव्हे. त्याचा अहवाल मागा.

दिवाणी दावा मृत्यूपासून २ वर्षांत लावायचा. बाईमाणसाला तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीही असो.

आणि आजच तार लोंबत असेल, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. वायरमनला बांधावर सांगितलेले कोर्टात कोण मानणार?