चिन्हाची पत

दीपावलीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर प्रथम आकडा लिहिला जात नाही. आधी कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते, 'श्री' लिहिला जातो आणि मगच जमाखर्चाला आरंभ होतो. व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या रीतीत एक जाण दडलेली आहे. काही गोष्टी शब्दांनी सांगण्यापेक्षा आकृतीने सांगणे अधिक परिणामकारक असते. आज 'व्हिज्युअल मार्केटिंग' या नावाने जे शास्त्र शिकवले जाते, त्याचे मूळ याच जाणिवेत आहे. त्या शास्त्राचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या उपनगरातच, पवईला घडले.

पवईचे चिन्ह

पवईच्या आयआयटी संकुलात १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजेच 'आयडीसी', सुरू झाले. वस्तू, अक्षर आणि चित्र यांची रचना विचारपूर्वक कशी करावी, याचे शिक्षण व संशोधन तेथे चालते. संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या 'मंगल' या अक्षरसंचाचे रचनाकार, थोर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीही तेथे अध्यापन केले.

२००९ साली केंद्र सरकारने रुपयासाठी स्वतंत्र चिन्ह सुचवण्याची खुली स्पर्धा जाहीर केली. डॉलर, पौंड, येन आणि युरो यांना चिन्हे होती. रुपया मात्र 'रु.' किंवा रोमन लिपीतील दोन अक्षरांनीच दर्शवला जात असे. शेजारच्या काही देशांचे चलनही रुपयाच असल्याने त्या अक्षरांतून भारताची वेगळी ओळख पटत नसे. देशभरातून तीन हजारांहून अधिक रचना आल्या. त्यांतून पाच अंतिम फेरीत पोहोचल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या रचनेला मान्यता दिली. तमिळ अक्षररचनेवरील त्यांचे पीएच.डी.चे संशोधन पवईच्या आयडीसीतच झाले होते. त्याच वर्षी हे चिन्ह युनिकोड या जागतिक अक्षरकोशात दाखल झाले आणि २०११ पासून नाण्यांवर आले.

या चिन्हाच्या रचनेत व्यापाऱ्यांनी घ्यावेत असे तीन धडे आहेत. पहिला धडा ओळखीचा. देवनागरी 'र' आणि उभी दांडी काढलेला रोमन 'आर' हे दोन परिचित आकार त्यात एकरूप झाले आहेत. वरच्या दोन समांतर रेघांत शिरोरेषा आहे, तिरंग्याची सूचना आहे आणि बरोबरीचे चिन्हही आहे. पाहणाऱ्याला नवे काही पाठ करावे लागले नाही. दुसरा धडा साधेपणाचा. हे चिन्ह पेनाने, घाईघाईत, वहीच्या अरुंद रकान्यातही लिहिता येते. तिसरा धडा टिकाऊपणाचा. एका रंगात, अगदी लहान आकारात, नाण्यावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर ते सारखेच ओळखू येते. दुकानाचे बोधचिन्ह करून घेताना अनेक जण सोनेरी छटा, सावल्या आणि गुंतागुंतीची नक्षी मागतात. रबरी शिक्क्यावर ते उमटवून पाहिले की त्यातले किती शिल्लक राहते, हे लगेच कळते.

चित्र लक्षात का राहते?

चित्राच्या सामर्थ्याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सहाशेहून अधिक चित्रे एकामागून एक दाखवली. नंतर आधी पाहिलेले चित्र कोणते आणि नवे कोणते, असे विचारल्यावर सुमारे ९७ टक्के उत्तरे बरोबर आली. शब्द आणि वाक्ये यांच्याबाबतीत हे प्रमाण नव्वदीच्या आसपास राहिले. १९७० साली झालेल्या दुसऱ्या प्रयोगात अडीच हजारांहून अधिक छायाचित्रे दाखवूनही ओळखीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. कॅनडातील ॲलन पैव्हिओ यांनी याची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते परिचित वस्तूचे चित्र मनात चित्ररूपाने साठते आणि त्या वस्तूच्या नावानेही साठते. स्मरणाला दोन वाटा मिळाल्या की आठवण सहज परतते.

मात्र अतिशयोक्तीपासून सावध राहायला हवे. मेंदू शब्दांपेक्षा चित्र साठ हजार पट वेगाने ग्रहण करतो, असे वाक्य जाहिरात संस्थांच्या सादरीकरणांत हमखास आढळते. त्या आकड्यामागचा प्रयोग मात्र कोणी दाखवत नाही. चित्र प्रभावी असते हे सत्य आहे आणि ते सांगण्यासाठी फुगवलेल्या आकड्याची गरज नाही.

ताग्यावरच्या तिकिटापासून

मुंबईच्या कापडबाजाराला हे फार पूर्वी उमगले होते. गिरण्यांच्या ताग्यांवर देवदेवता, पशुपक्षी आणि राजेराण्या यांची रंगीत तिकिटे चिकटवली जात. गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसले तरी चित्र ओळखून तो तोच माल पुन्हा मागे. 'घोडा छाप', 'हत्ती छाप' असे शब्द बोलण्यात रुळले ते यामुळेच. मराठीत 'छाप' म्हणजे व्यापारचिन्ह आणि 'छाप पडणे' म्हणजे मनावर ठसा उमटणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात यावेत, हेही बोलके आहे.

पुढे हीच परंपरा व्यंगचित्रकारांनी चालवली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात कुंचला घेतलेला खोडकर 'गट्टू' काढला. १९६६ पासून अमूलची ठिपकेदार फ्रॉक घातलेली मुलगी मुंबईच्या फलकांवर दिसू लागली. रंग आणि लोणी या वस्तूंमध्ये समान काहीच नाही. दोन्ही ठिकाणी साधले ते एवढेच की एकच चेहरा, तशाच रूपात, वर्षानुवर्षे ग्राहकासमोर राहिला. दर सणाला नवे रूप धारण करणाऱ्या दुकानाला हा लाभ मिळत नाही.

जैन परंपरेत तर चिन्हाचे स्थान फार जुने आहे. तीर्थंकरांच्या प्रतिमा बहुधा समान मुद्रेच्या असतात. आसनावरील लांछनावरून त्या ओळखल्या जातात. वृषभ दिसला की भगवान ऋषभदेव, सर्प दिसला की भगवान पार्श्वनाथ आणि सिंह दिसला की भगवान महावीर, हे लहान मूलही सांगते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व संप्रदायांनी मिळून जैन प्रतीक स्वीकारले. लोकाकृतीत स्वस्तिक, तीन बिंदू, सिद्धशिला आणि अहिंसेचा हात सामावलेले हे प्रतीक आज मंदिरांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सर्वत्र दिसते. अनेक पंथांना एका आकृतीखाली आणणे शक्य झाले, कारण त्या आकृतीतील प्रत्येक रेषा सर्वांच्या श्रद्धेशी जुळणारी होती.

हिरव्या ठिपक्याची जबाबदारी

शाकाहारी कुटुंबाला रोज उपयोगी पडणारे चिन्ह म्हणजे वेष्टनावरील हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. भारतात ते बंधनकारक आहे. भाषा कोणतीही असो, अक्षरे कितीही बारीक असोत, एका दृष्टिक्षेपात पदार्थाचे स्वरूप कळते. मांसाहाराचे चिन्हही आधी गोल ठिपकाच होते, फक्त तपकिरी रंगाचे. पुढे नियमांत बदल होऊन त्या ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला. रंगांतील भेद ज्यांना कळत नाही, त्यांनाही आता आकारावरून फरक कळतो. महत्त्वाची गोष्ट केवळ रंगावर सोपवू नये, ही शिकवण त्यातून मिळते.

तरीही या ठिपक्याला मर्यादा आहे. पदार्थात कांदा, लसूण किंवा बटाटा आहे का, हे तो सांगत नाही. म्हणून फरसाण, खाकरा किंवा मसाल्याच्या पाकिटावर 'जैन' असा शब्द छापला जातो. त्या शब्दामागे विक्रेत्याची सचोटी हाच मुख्य आधार असतो. चातुर्मासात एखादी वृद्ध श्राविका तो शब्द पाहून पाकीट उघडते, तेव्हा तिच्या व्रताचे पालन त्या विक्रेत्याच्या स्वयंपाकघरावर अवलंबून असते. चिन्ह जितके विश्वासार्ह, तितके ते खोटे निघाल्यावर होणारे नुकसान मोठे.

श्रावकाचाराने याचा विचार फार पूर्वी केला आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. अस्सल म्हणून नक्कल देणे, चांगल्यात हलके मिसळणे, हा त्याचा अर्थ. उजळवलेले छायाचित्र दाखवून फिक्या रंगाची साडी पाठवणे, किंवा दुसऱ्या पेढीच्या मालाचे चित्र आपल्या यादीत लावणे, हा त्याच अतिचाराचा आजचा आविष्कार होय. कायदाही आता कठोर झाला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पेढीने काय करावे?

लहान पेढीलाही यातले बरेच काही सहज करता येते. पाटी, बिल, पिशवी आणि व्हॉट्सॲपवरील यादी या सर्वांवर एकच चिन्ह आणि तेच एक-दोन रंग असावेत. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत चित्राऐवजी स्वतःच्या मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र वापरावे. शक्य तेथे वस्तूशेजारी हात, मोजपट्टी किंवा तराजू दाखवावा, म्हणजे आकार व वजन यांचा अंदाज ग्राहकाला येतो आणि माल परत येण्याचे प्रमाण कमी होण्यास मदत होते. आणि चिन्ह रूढ होऊ लागताच त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करावी. ती दहा वर्षे टिकते, नूतनीकरणाने पुढे वाढवता येते आणि लहान उद्योगांना त्यासाठी सवलतीचे शुल्क आहे. आजोबांच्या नावाने चालणारी पेढी दोन भावांत वाटली जाते, तेव्हा ही नोंदणी घरातील कटुताही टाळू शकते.

पवईत शिकलेल्या रचनाकाराचे चिन्ह आज वहीतील प्रत्येक रकमेच्या डावीकडे उभे असते. ते सुंदर आहे म्हणून कोणी पैसे मोजत नाही. त्याच्या उजवीकडे लिहिलेली रक्कम चुकती होईल, या विश्वासावर व्यवहार होतो. दुकानाच्या पाटीवरील चिन्हालाही हाच नियम लागू आहे. येत्या वहीपूजनाला स्वस्तिक रेखाटताना घरातील तरुण पिढीने मोबाइलवरील आपली मालाची यादीही एकदा उघडावी आणि प्रत्येक चित्र मालाशी ताडून पाहावे.