पासवर्डची वही आणि सेवा केंद्राचा संगणक

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरसारख्या बाजारपेठेच्या गावांपासून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूरपर्यंत, नागरिकांचा शासनाशी होणारा बराचसा ऑनलाइन व्यवहार ‘आपले सरकार सेवा केंद्रा’च्या, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘सेतू’च्या, खिडकीवरून होतो. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे खाते उघडताना विद्यार्थ्याचा पासवर्ड पुष्कळदा केंद्रचालकच ठरवतो, आणि तो नावापुढे ‘@१२३’ जोडून तयार झालेला असतो. पुढे तो वहीत किंवा पावतीच्या पाठीवर उतरवला जातो. वर्षभराने नूतनीकरणाचा अर्ज भरण्याची वेळ येते तेव्हा विद्यार्थ्याचे सिमकार्ड बदललेले असते, ओटीपी जुन्या क्रमांकावर जातो आणि अखेर वहीची पाने चाळावी लागतात. ही वही सर्वस्वी टाकाऊ नाही, कारण दूरवरच्या चोराला ती इंटरनेटवरून वाचता येत नाही. मात्र खिडकीपाशी उभ्या असलेल्या कोणालाही ती वाचता येते, आणि ती हरवली तर तिची दुसरी प्रत नसते.

वहीपेक्षा अधिक धोक्याची गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्रातील संगणकावर ब्राउझर बहुधा चालकाच्या स्वतःच्या गूगल खात्याने उघडलेला असतो. नागरिकाचा पासवर्ड टाइप होताच ‘पासवर्ड जतन करायचा का?’ अशी विचारणा येते, आणि जुलैअखेरीस संपणाऱ्या खरीप पीकविम्याच्या मुदतीसाठी बाहेर रांग लागलेली असताना होकाराचे बटण न वाचताच दाबले जाते. त्या क्षणी तो पासवर्ड गूगलच्या पासवर्ड व्यवस्थापकात जातो आणि तेथून चालकाच्या फोनवर व घरच्या संगणकावर पोहोचतो. उपकरणांमधील ही जुळणी, ज्याला ‘सिंक’ म्हणतात, कोणी विचारपूर्वक निवडलेली नसते. त्यामुळे ‘पासवर्ड व्यवस्थापक वापरावा का’ हा प्रश्न येथे मागे पडतो. तो वापरात आलेलाच आहे, फक्त चुकीच्या माणसाच्या नावावर.

विचारपूर्वक निवड करायची तर या साधनाची रचना समजून घ्यावी लागते. पासवर्ड व्यवस्थापक म्हणजे सर्व पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणारी तिजोरी. ती उघडणाऱ्या मुख्य पासवर्डवर लाखो वेळा गणिती प्रक्रिया करून किल्ली तयार केली जाते, जेणेकरून चोरलेल्या तिजोरीवर अंदाज लढवणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी वेळ आणि खर्च मोजावा लागावा. २०२२ मध्ये लास्टपास या सेवेतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या, तेव्हा पासवर्ड सांकेतिक रूपात असले तरी संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांची तिजोरी फुटण्याचा धोका सर्वांत मोठा होता. ज्या जिल्ह्यात शेगाव आणि सिंदखेडराजा आहेत, तेथे ‘गजानन’ किंवा ‘जिजाऊ’ या नावांपुढे आकडे लावून केलेला पासवर्ड ओळखणे अवघड नाही. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द फासे टाकून, म्हणजे मनाने न निवडता, घ्यावेत.

जुळणीच्या दोन पद्धती आहेत. २००३ पासून चालत आलेल्या कीपास या मुक्त प्रणालीत सारी तिजोरी एका फाइलमध्ये असते आणि ती उपकरणांवर कशी न्यायची हे वापरणाऱ्यानेच ठरवायचे असते. नेटवर्क नसतानाही तीत वाचन आणि बदल दोन्ही करता येतात, हा तिचा मोठा गुण होय. परंतु संगणकावर एक आणि फोनवर दुसरा बदल झाला की एकाच फाइलच्या दोन भिन्न प्रती तयार होतात. त्या एकत्र करण्याची सोय कीपासमध्ये आहे, कारण प्रत्येक नोंदीसोबत शेवटच्या बदलाची वेळ जतन झालेली असते. तरीही हे काम कोणीतरी आठवणीने करावे लागते, आणि गर्दीच्या दिवसांत आठवण हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू असते. बिटवॉर्डनसारख्या सेवेत तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर सांकेतिक रूपात राहते व जुळणी आपोआप होते. मोफत योजनेतही उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही, नेटवर्क गेल्यावर आधी जुळलेल्या नोंदी वाचता येतात, मात्र नवी नोंद करण्यासाठी नेटवर्क यावेच लागते.

एकट्याने, एका संगणकावर आणि एका फोनवर काम करणाऱ्या शिस्तशीर चालकाला कीपास पुरेसे आहे. जेथे खिडकीवर दोघे-तिघे आलटून-पालटून बसतात तेथे बिटवॉर्डनचा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो, कारण प्रतींचा घोळ टळतो. निवड कोणतीही असो, त्या तिजोरीत चालकाच्या आणि केंद्राच्याच खात्यांचे पासवर्ड असावेत. विद्यार्थ्याचा पासवर्ड विद्यार्थ्याच्या फोनवर, त्याच्याच खात्यात, त्याच्यासमोर जतन करून द्यावा, आणि फोन नसेल तर बंद पाकिटात लिहून त्याच्या हाती द्यावा. मुख्य पासवर्ड विसरल्यास या सेवा सहसा तो परत मिळवून देऊ शकत नाहीत, म्हणून तो कागदावर लिहून केंद्राबाहेर, घरी कुलपात ठेवणे योग्य होय.

येत्या हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वी केंद्रचालकांनी ब्राउझरमधील पासवर्ड जतन करण्याची विचारणा बंद करावी आणि आजवर स्वतःच्या खात्यात साठलेले नागरिकांचे पासवर्ड, ज्याचे त्याला कळवून, काढून टाकावेत.