किशोरवयातील पीसीओएस: वजनाच्या आधी पाळीची नोंद

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस किंवा बोलीतला पीसीओडी, हा बीजांडकोशाचा विकार म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची मुळे शरीरातील साखरेच्या व्यवहारातही असतात. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन निकष लावले होते. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतील खुणा यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी पुरेशा मानल्या तेव्हा प्रमाण २२.५ टक्के भरले, आणि संप्रेरकांचा अतिरेक अनिवार्य धरला तेव्हा ते १०.७ टक्क्यांवर आले. शिवाय हा विकार असलेल्या बहुसंख्य मुली स्थूल नव्हत्या, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

निकषांमधला हा फरक किशोरवयात फार महत्त्वाचा ठरतो. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या खुणांना घरोघरी 'गाठी' म्हटले जाते, त्या वस्तुतः अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात आणि वयात येणाऱ्या निरोगी मुलींतही त्या भरपूर आढळतात. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करू नये. अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांच्या अतिरेकाच्या खुणा, उदाहरणार्थ हनुवटीवरचे जाड केस किंवा तीव्र मुरुमे, या दोन्ही असल्या तरच निदान करावे. पहिल्या पाळीनंतरच्या वर्षातील अनियमितता स्वाभाविक असते. पुढील दोन वर्षांत मात्र दोन पाळ्यांमध्ये २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत राहिल्यास, अथवा वर्षभरानंतर एखादी पाळी ९० दिवसांहून अधिक लांबल्यास तपासणी करावी, आणि त्यात थायरॉइडसारखी इतर कारणेही पडताळून पाहावीत.

वजनाचा या विकाराशी संबंध इन्सुलिनमार्गे येतो. पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिक स्रवते, हे वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवण्यास प्रवृत्त करते आणि यकृतातून येणारे, त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. मानेवर दिसणारा मखमली काळेपणा ही याच बिघाडाची खूण असते, आणि ती घासून जात नाही. भारतीयांच्या सडपातळ देहातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्यामुळे बारीक मुलीलाही हा धोका का असतो हे समजते.

उपचाराचा पाया आहार आणि हालचाल हाच असून, कोणताही एक विशिष्ट आहार इतरांहून श्रेष्ठ ठरलेला नाही. त्यामुळे, उदाहरणार्थ, सोलापूरच्या मुलीने महागडी पावडर शोधण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलगे, पालेभाजी आणि बेताची शेंगा चटणी हे ताट पुरेसे आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तर याच जिल्ह्यात पिकते. सकाळच्या शिकवणीआधी केवळ चहा-खारीवर भागवणे आणि रात्री उशिरा एकदाच भरपेट जेवणे टाळायला हवे. रोज किमान तासभर घाम येईल असा व्यायाम आणि आठवड्यातून तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवला जातो. उन्हाळ्यात तो भल्या पहाटे किंवा घरातच करणे इष्ट. वाढत्या वयात उपासमार करून वजन उतरवणे घातक असते, आणि घरच्यांचे टोमणे मुलीला चोरून खाण्याकडे किंवा जेवण टाळण्याकडे ढकलतात. शिवाय आहार आणि व्यायामामुळे वजन फारसे न घटताही इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारू शकतो.

गरजेनुसार डॉक्टर संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या किंवा मेटफॉर्मिन देतात. संप्रेरकांच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही समजूत निराधार आहे, आणि लग्न झाले की पाळी आपोआप सुरळीत होते ही समजूत तर मुलींवर अन्याय करणारी आहे, कारण तिच्यापायी लग्न लवकर उरकले जाते आणि तपासणी राहून जाते. पाळी महिनोन्महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. म्हणून आईने मुलीला पाळीची तारीख वहीत लिहायला शिकवावे, आणि गरज भासताच ती वही घेऊन शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिला न संकोचता न्यावे.