फ्रीवे नको, खालचा रस्ता घ्या!

ईस्टर्न फ्रीवेवरून ऑफिसला जाताना कधी खाली डोकावलंय? नाही ना? २०१३मध्ये फ्रीवे सुरू झाला आणि ज्या बंदराने मुंबईला मुंबई केलं, त्याच्या डोक्यावरून आपण सुसाट जायला लागलो. म्हणून एका रविवारी आम्ही चौघांनी मित्राची जुनी ओमनी बाहेर काढली. नियम एकच. कुलाबा ते शिवडी, खालून आणि हळूहळू.

पहाटे ५, ससून डॉक
बगदादी ज्यू व्यापारी अल्बर्ट ससून यांनी १८७५मध्ये बांधलेला हा डॉक आज कोळणींच्या आवाजाने जागा होतो. बर्फाचे ट्रक, कोळंबीच्या टोपल्या, लिलावाची घाई... व्हॅनच्या काचा लावून काही उपयोग नाही, वास येणारच!

भिंतीआडची गोदी
पुढे लायन गेट. आत नौदलाची गोदी, त्यामुळे बाहेरूनच बघायचं. १७३६मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने इथे जहाजं बांधली. त्यातलं १८१७चं, सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशेहून जास्त वर्षं! आपला मोबाइल दोन वर्षं धड टिकत नाही.

मग बॅलार्ड इस्टेट. इथल्या देखण्या इमारती ज्या भरावावर उभ्या आहेत, त्याची माती शेजारच्या अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातून निघाली. १९१४चा तो डॉक म्हणजे आजचा इंदिरा डॉक.

१४ एप्रिल १९४४
गोदी कामगारांचे नेते पी. डी'मेलो यांच्या नावाच्या रस्त्यावर आलो आणि गाडीतली मस्करी थांबली. इथेच, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. आग लागली. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान होते. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या फायर ब्रिगेड मुख्यालयात आहे. तो डॉक मात्र आता भराव घालून बुजवलाय. पाणीच उरलेलं नाही.

भाऊचा धक्का ते शिवडी
भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. कोकणातल्या आजी-आजोबांना विचारा, बोटीच्या आठवणी धो धो निघतील. २०२०पासून इथून रो-रो बोटीत गाडी चढवून थेट मांडव्याला उतरता येतं.

शेवटी शिवडी. समोर २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू, पलीकडे न्हावा शेवा. १९८९मध्ये तिथे नवं बंदर सुरू झालं आणि मोठी जहाजं हळूहळू तिकडे वळली. इकडे उरल्या गोदामांच्या रांगा आणि रिकाम्या जागा. त्यांचं काय करायचं, याच्या योजना कधीपासून बनताहेत. टॉवर उभे राहिले, तर त्या ६६ जणांची गोष्ट तिथल्या रहिवाशांना कोण सांगणार?

१४ एप्रिलला तुम्हाला आंबेडकर जयंतीची सुट्टी असतेच. अग्निशमन सेवा दिनही तोच. चार मित्र गोळा करा, गाडी काढा आणि खालून जा.