काचेच्या टाकीतील नको असलेला पाहुणा

धान्याचा व्यापार करणाऱ्या घरांत मुलांना एक गोष्ट फार लवकर शिकवली जाते. कोठारात किडे दिसल्यावर औषध शोधण्यापेक्षा धान्य आत घेण्यापूर्वीच ते उन्हात वाळवावे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत. ओल येऊ देऊ नये. जुना माल नव्यात मिसळू नये. जीवोत्पत्तीच होऊ नये, म्हणजे जीव मारण्याचा प्रसंगही येणार नाही, ही त्यामागील दृष्टी. कन्हान नदीकाठच्या मौद्यासारख्या धानाच्या पट्ट्यातील बाजारगावात ही शिकवण कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आज मात्र तीच शिकवण एका अगदी निराळ्या ठिकाणी आठवण्याची वेळ आली आहे. ते ठिकाण म्हणजे दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याची काचेची टाकी.

समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. परंतु कृत्रिम समुद्री मीठ, पंप आणि दिवे आता घरपोच येतात. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो, एवढ्यावर घरात छोटा समुद्र उभा राहतो. मुले हरखतात. काही महिन्यांनी खडकाच्या फटीतून तपकिरी, काचेसारखे पारदर्शक, लांब बोटांचे एक फूल डोकावते. ते सुंदर दिसते. पुढे त्याची दहा होतात, मग पन्नास, आणि आनंदाची जागा चिंता घेते.

हे फूल नव्हे, प्राणी आहे

या जिवाचे नाव ऐप्टेशिया. समुद्रपुष्पांच्या कुळातील, प्रवाळाचा हा दूरचा नातलग. त्याच्या बोटांत दंशपेशी असतात. शेजारच्या जिवाला स्पर्श होताच त्या डंख मारतात. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते आणि प्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला देते. म्हणून माशांचे खाणे कमी केले तरी हा जीव सहजासहजी उपाशी राहत नाही. तथापि, टाकीत उरलेले अन्न त्याची वाढ झपाट्याने करते, हेही तितकेच खरे.

त्याचा सर्वांत विलक्षण गुण पुनरुत्पत्तीचा. तळपायाचा लहानसा तुकडा खडकावर राहिला, तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. चिमट्याने ओढून काढणारा मनुष्य एकाचे पाच करून बसतो. रागाने केलेला प्रहार शत्रू वाढवतो, हे जणू डोळ्यांसमोर घडते.

गंमत अशी की, घरात उपद्रवी ठरलेला हा जीव प्रयोगशाळांत मोलाचा मानला जातो. प्रवाळ आणि शैवाल यांचे सहजीवन कसे चालते, ते तापमान वाढल्यावर का तुटते, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचाच अभ्यास करतात. २०१५ साली त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. एकाच जिवाकडे पाहण्याच्या या दोन बाजू आहेत. अनेकान्त मानणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

प्रचलित उपाय आणि आपली अडचण

छंद जोपासणारे लोक सामान्यतः दोन मार्ग सांगतात. पहिला सुईचा. चुन्याची दाट निवळी, व्हिनेगर किंवा उकळते पाणी थेट त्या जिवावर सोडायचे. चुना प्रमाणाबाहेर गेल्यास पाण्याचा क्षारपणा एकाएकी वाढून मासेही धोक्यात येतात. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत. हातात सुई घेऊन, नेम धरून, केवळ शोभेखातर केलेली ही क्रिया यांतल्या कोणत्या प्रकारात बसते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनालाच विचारावे.

दुसरा मार्ग भक्षकाचा. पेपरमिंट कोळंबी, लांब चोचीचा फुलपाखरू मासा किंवा बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय टाकीत सोडायची. आपला हात स्वच्छ राहिला, असे येथे वाटते. पण करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील नाते आपण जाणतो. शिवाय बर्घिया ऐप्टेशियाखेरीज दुसरे काही खात नाही. टाकी स्वच्छ झाली की तिची उपासमार सुरू होते. आश्रितांच्या अन्नपाण्याचा निरोध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार मानला आहे. येथे तो योजनेतच अंतर्भूत असतो.

जीवाणीचा विचार येथे कसा लागू पडतो

पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत सोडण्याची जीवाणीची प्रथा आपल्या वडीलधाऱ्यांनी काटेकोरपणे पाळली. म्हणून कुणा दयाळू मनाला वाटेल, हा खडक कन्हानमध्ये सोडून द्यावा. असे मुळीच करू नये. खाऱ्या पाण्यातील जीव गोड्या पाण्यात जगत नाही. त्याच्याबरोबर गेलेले क्षार नदीला जाचतात. दूरदेशीचा जीव अनोळखी समुद्रात सोडणे तर त्याहून घातक. जीवाणीचा अर्थ ‘कुठेही सोडणे’ असा नसून ‘जेथे तो जगेल तेथे सोडणे’ असा आहे.

त्या अर्थाने एक वाट उरते, पांजरापोळीची. ऐप्टेशिया दिसताच तो खडक अखंड उचलून, न खरवडता, दुसऱ्या छोट्या खाऱ्या टाकीत ठेवावा. तिला मंद प्रकाश आणि पाण्याची हालचाल द्यावी. दोन्ही टाक्यांचे पाणी, जाळी वा नळी एकमेकांत मिसळू देऊ नये, कारण एवढाच संपर्क पुन्हा प्रसार होण्यास पुरेसा असतो. यास जागा लागते आणि रोजचे कष्टही लागतात; जिवाचा सांभाळ म्हटला की ते आलेच. उपद्रव एक-दोन खडकांपुरता असतानाच हा उपाय साधतो. सर्व टाकी व्यापल्यावर निर्दोष असा मार्ग उरत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दाराशीच विवेक

म्हणून खरा उपाय खरेदीपूर्वीचा. ऐप्टेशिया बहुधा समुद्रातून आणलेल्या ‘जिवंत’ खडकावर किंवा प्रवाळाच्या तुकड्यावर बसून येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला आहे त्या दर्जाचे संरक्षण त्यांना मिळाले आहे. तेव्हा विक्रेता कितीही आग्रह करो, प्रवाळाचा सौदा करू नये. त्याऐवजी कारखान्यात घडवलेले कोरडे खडक घ्यावेत. त्यांवर कोणताही जीव येत नाही. नवा मासा आणल्यास महिना-दीड महिना वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. अन्न मोजून द्यावे. वैशाखात पाणी आटते, पण मीठ मागे राहते. म्हणून घट भरून काढताना शुद्ध गोडे पाणीच घालावे.

मुळात जलचरांना कोंडून ठेवावे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या घराचे उत्तर ‘नाही’ आहे, त्यांना या लेखातील कशाचीच गरज पडणार नाही. परंतु मुलाच्या हट्टाने टाकी घरात आलीच असेल, तर त्याच्याजवळ बसून हे सारे त्याला समजावून द्यावे. जे आत घेतले, त्याची जबाबदारीही आपणच घेतली, हे त्याला धान्याच्या कोठारापेक्षा या टाकीजवळ अधिक लवकर उमगेल.